दूध तापेपर्यंत

पहाटेचे साडेपाच. बोरिवलीतलं स्वयंपाकघर. पिशवी कापून दूध पातेल्यात ओता, गॅस बारीक करा आणि ओट्यापाशी नुसते उभे राहा. लांबून लोकलचा आवाज येईल, येऊ द्या. मोबाइल आतल्या खोलीतच बरा.

कडेला बारीक बुडबुडे धरतील. त्यांच्याकडे बघा.

आता तान्ह्या बाळाचं पोट मनात आणा. त्यात लॅक्टेज नावाचं विकर असतं, ते दुधातली साखर फोडतं. अंगावरचं पिणं सुटलं की ते हळूहळू आटतं. गाय, मांजर, माणूस, साऱ्यांची हीच रीत. मग काही हजार वर्षांपूर्वी कुणा एकाच्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावर डीएनएचं एक अक्षर बदललं, ‘सी’च्या जागी ‘टी’ आलं. त्याचं विकर मोठेपणीही आटलं नाही. गंमत म्हणजे हे अक्षर लॅक्टेजच्या जनुकात नाहीच, शेजारच्या जनुकात आहे. दिवा आपल्या खोलीत, बटण शेजाऱ्याकडे!

त्या माणसाला यातलं काही कळलं नसेल. त्याच्यापुढच्या पिढ्यांवर थोडा वेळ मन ठेवा. 2011 साली भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातलंच हे अक्षर इथेही सापडलं. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

साय धरू लागली? हलवू नका.

गुरं आधी आली, अक्षर मागाहून पसरलं. मधल्या काळात दूध पचवलं ते विरजणाने. दह्यातले जिवाणू साखरेचा बराच भाग मडक्यातच फस्त करतात. पोटाचं काम पोटाबाहेर उरकलेलं.

माझ्या आईला पेलाभर दूध घेतलं की पोट गुबारतं. ताक मात्र दोन वाट्या सहज. इथून जवळच, गोरेगावला, 1949 मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, शहरातल्या म्हशी तिथे गेल्या, आणि ‘दूध पी, दूध पी’ ऐकतच आमची पिढी वाढली. आईचं ते दुखणंच समजलो. दुखणं कसलं? जगातले सुमारे दोन-तृतीयांश प्रौढ तिच्याच पंगतीत आहेत. जुनी रीत तिची. अपवाद आपण, पेला रिकामा करणारे.

दूध वर आलं. गॅस बंद करा. घरात कुणाला बाधत असेल तर आज आग्रह नको. कोमट झालं की विरजण लावा.