वादांतील विनय

सत्याचा आग्रह आणि वादांतील विनय यांचें मूळचेंच वांकडें आहे, असा एक समज रूढ आहे. ज्याला आपलाच मार्ग तारक वाटतो त्यानें प्रतिपक्षाशीं गोड कां बोलावें? मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांच्या बुडाशीं हा प्रश्न होताच. त्यांतील जॉर्ज बोवेन यांनीं तर मिशनचें वेतनहि सोडलें होतें. अशा माणसाच्या आग्रहांत स्वार्थ नसतो हें खरें. पण निःस्वार्थ आग्रहालाच कठोर होण्याची मुभा अधिक वाटते.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत, श्रद्धेचें कारण पुसणाऱ्यास सौम्यतेनें उत्तर द्यावें, अशी आज्ञा आहे. यावर कोणी मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवील. तेथें ख्रिस्ताचेच शब्द केवढे जळजळीत! परंतु ते कोणाला उद्देशून आहेत? शास्त्री व परूशी हे त्याच्याच समाजाचे अधिकारी गुरु होते. घरच्या दांभिकासाठीं उचललेला आसूड दारीं आलेल्या पृच्छकावर उगारणें हा मूळ ग्रंथाचाच विपर्यास होय. (आमचे वाङ्मयीन टीकाकार नेमकें हेंच करतात, ती गोष्ट निराळी.)

विनय म्हणजे मतभेद पुसट करणें नव्हे. प्रतिपक्षाचें म्हणणें, तो स्वतः मान्य करील अशा शब्दांत, प्रथम मांडावें आणि मग खुशाल खोडावें. शिवीगाळीहून हें पुष्कळच अवघड. कारण तसें मांडतां मांडतां त्यांतलें बळ आपल्यालाहि जाणवूं लागतें.