देशांतर, आचार आणि धर्म

एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात राहावयास गेलेल्या माणसाने मूळ गावाच्या रीती पाळाव्यात की नव्या गावाच्या, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा वाटतो. परंतु भारतीय विचारपरंपरेने तो फार प्राचीन काळापासून धर्माचा प्रश्न म्हणून हाताळला आहे. धर्मशास्त्रात ‘देशाचार’ म्हणजे एखाद्या प्रदेशात चालत आलेली वागणुकीची रीत, ‘कुलाचार’ म्हणजे घराण्याची रीत आणि ‘जात्याचार’ म्हणजे जातीची रीत असे भेद केलेले आहेत, आणि न्याय करताना राजाने जाती, जनपद, श्रेणी व कुल यांचे धर्म लक्षात घ्यावेत असे मनुस्मृती सांगते. माणूस जन्मगावीच राहतो तोवर या सगळ्या रीती एकमेकींत इतक्या मिसळून गेलेल्या असतात की त्यांपैकी कोणती गावामुळे पाळली जाते, कोणती घराण्यामुळे आणि कोणती खरोखर ईश्वराच्या भीतीने वा प्रीतीने, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. गाव सुटले म्हणजे मात्र ही निवड टाळता येत नाही.

बौधायन धर्मसूत्रात या प्रश्नाची एक स्पष्ट मांडणी आढळते. उपनयन न झालेल्यांबरोबर जेवणे, पत्नीबरोबर जेवणे, शिळे अन्न खाणे, मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी विवाह करणे या पाच रीती दक्षिणेकडच्या म्हणून, तर लोकरीची विक्री, मद्यपान, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रावर उपजीविका आणि समुद्रप्रवास या पाच उत्तरेकडच्या म्हणून तेथे सांगितल्या आहेत; ज्या त्या प्रदेशात त्या चालतात, परंतु एका प्रदेशाची रीत दुसऱ्या प्रदेशात करणारा दोषी ठरतो, असा सूत्रकाराचा निर्णय आहे. गौतमाला हे मान्य नाही, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. मामेबहिणीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आजही रूढ आहे आणि उत्तरेकडे तिच्याविषयी आजही आश्चर्य व्यक्त होते, यावरून ही नोंद किती जिवंत आहे हे लक्षात येते. बौधायनाच्या मते, थोडक्यात, आचार भूमीला बांधलेला असतो आणि भूमी सोडणाऱ्याने तो तेथेच ठेवून जावे.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र रचणाऱ्यांनी, याच्या अगदी उलट दिशेने विचार केला. जैमिनीच्या सूत्रांतील ‘होलाकाधिकरण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चेत असा प्रश्न घेतला आहे की होलाका हा वसंतोत्सव पूर्वेकडचे लोकच करतात, तर त्याची आज्ञा केवळ त्यांच्यापुरती मानावी काय. यावर शबरस्वामींचे भाष्य मोठे मार्मिक आहे: पूर्वेकडून निघून अन्यत्र जाऊन राहिलेले लोकही होलाका करतात आणि पूर्वेकडे राहणारे कित्येक लोक तो करीत नाहीत, म्हणून प्रदेश हे त्या आचाराचे खरे लक्षण ठरू शकत नाही. सबब, एखादा आचार खरोखर धर्म असेल तर तो सर्वांसाठी धर्म असला पाहिजे, असा सिद्धान्त तेथे निघतो. येथे विशेष मोलाची गोष्ट अशी की स्थलांतर केलेला माणूस मीमांसकांना अपवाद वाटत नाही. उलट भूमी आणि आचार यांचा संबंध तोडून दाखवणारा तोच त्यांचा पुरावा होतो.

या दोन्ही मतांत एक मोठी उणीव आहे. दोन्हीकडे स्थलांतर करणारा म्हणून पुरुषच गृहीत धरला आहे. प्रत्यक्षात या देशात पिढ्यानपिढ्या गाव, घर आणि कुलाचार बदलून दुसरीकडे रुजण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. माहेरच्या रीती उंबरठ्याबाहेर ठेवून सासरच्या शिकणे हे तिच्या बाबतीत इतके स्वाभाविक मानले गेले की त्याला देशांतर म्हणण्याची गरजही कोणास भासली नाही. विवाहात जनपदाच्या आणि गावाच्या ज्या निरनिराळ्या रीती असतील त्या पाळाव्यात असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते, आणि ग्रंथात न आलेले उरलेले धर्म स्त्रियांकडून व सर्व वर्णांकडून जाणून घ्यावेत असे काहींचे मत आपस्तंब धर्मसूत्राच्या अखेरीस नमूद आहे. ज्या स्त्रीला आचारांची जाणकार मानले, तिच्यावर आचार बदलण्याची पाळी आली म्हणजे तिने काय करावे, याचे उत्तर मात्र सूत्रकारांनी दिले नाही. ते उत्तर शोधण्याचे काम अहमदनगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या एका बाईने केले, आणि पुढे ते ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतक्या सरळपणे नोंदवले की त्यातील तात्त्विक खोली पुष्कळदा वाचकाच्या नजरेतून निसटते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते; बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, इतक्या टोकाला ते गेले होते, आणि त्या घरातील मुलींनी हा जाच रोजच्या रोज सोसला. पती नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावचे; त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात ते राहू लागले. या मिशनने १८३१ पासून नगरमध्ये काम चालवले होते. लक्ष्मीबाई लहान मुलासह पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या आणि पतिपत्नींमध्ये काही वर्षांचे अंतर पडले.

त्यांच्यापुढचा पेच नीट मांडून घ्यावयास हवा. पतीच्या घरी राहणे हा स्त्रीधर्म असे त्यांना लहानपणापासून शिकवले होते, आणि पतिताचा, म्हणजे धर्म सोडलेल्याचा, संसर्ग टाळणे हा जातिधर्म असेही त्याच तोंडांनी शिकवले होते. आजवर या दोन शिकवणींत विरोध आला नव्हता, कारण पती आणि जात एकाच गावी, एकाच पंगतीत होती. टिळक नगरला गेल्याबरोबर एक धर्म पाळावयाचा तर दुसरा मोडावा लागेल अशी स्थिती आली, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच अधिकाराची वचने होती. अशा वेळी परंपरा माणसाला निर्णय देऊ शकत नाही. निर्णय घेण्याची जबाबदारी तेवढी त्याच्या पदरात टाकते.

लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या सोवळे घेऊनच. आरंभी त्यांनी आपले खाणेपिणे आणि शिवाशिव सांभाळली, आणि टिळकांनी ते सोडण्यासाठी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे. येथे एका वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करता येत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आलेला होता. नवागत ब्राह्मण बाईच्या दृष्टीने जी आपल्या घरची पवित्र रीत होती, तीच या शेजाऱ्यांच्या दृष्टीने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली अवहेलना होती. विहिरीवर, देवळाच्या पायरीशी आणि घराच्या अंगणात त्यांना दूर ठेवणारी भिंत या रीतीचीच बनलेली होती. म्हणून ‘नव्या ठिकाणी जुळवून घेणे’ हा शब्दप्रयोग येथे अपुरा पडतो. जुळवून घेणारी व्यक्ती सामान्यतः दुर्बळ बाजूची, गैरसोय सोसणारी, अशी कल्पना असते. येथे मात्र जिला जुळवून घ्यावयाचे होते तिच्या सामानातच शेजाऱ्याला कमी लेखणारी वस्तू होती.

लक्ष्मीबाईंनी ती कशी सोडली, हे या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. पती ख्रिस्ती झाला म्हणून किंवा मिशनची माणसे सांगतात म्हणून त्यांनी जात टाकली नाही. त्यांनी स्वतःशी विचार केला, जातीजातींतील भेद ईश्वराने केलेले नसून माणसाने केलेले आहेत या निष्कर्षावर त्या आल्या, आणि मग इतरांच्या हातचे अन्नपाणी त्यांनी मोकळेपणी घेतले. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला तो यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे: त्यांचा आचार नव्या श्रद्धेमागून फरफटत गेला नाही, आचाराची तपासणी आधी स्वतंत्रपणे झाली आणि श्रद्धेचा निर्णय पुढे झाला. मीमांसकांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे ही रीत सर्वांसाठी धर्म ठरू शकते काय, त्यांनी ग्रंथ न वाचता विचारला, आणि जी रीत पाळण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी अपवित्र ठरवावे लागते ती सर्वांसाठी धर्म कधीच होऊ शकत नाही, हे त्यांना उमगले. त्यानंतर दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरात वाढली आणि प्लेगच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांना लहानपणी प्रत्येक वस्तू धुवून घेण्याची सवय लावली होती, तेच हात ज्यांना कोणी शिवत नव्हते अशा आजाऱ्यांना लागले.

सोवळे गेले म्हणून सगळेच गेले असे मात्र झाले नाही. मराठी बोलणे, ओवी आणि घरी येणाऱ्याला जेवू घालण्याची रीत त्यांनी सोडली नाही. या बाबतीत रेव्हरंड टिळकांचा आग्रह तर उघड वैचारिक होता: ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, येथील माणसाने येथल्याच भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जावे, असे ते मानीत आणि तशी रचना करीत. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे राहिलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची पदे आजही गायिली जातात. देशाचाराचा हा दुसरा, स्वीकारार्ह अर्थ होय. जी रीत ईश्वराला हाक मारण्याचा सूर देते ती कोणत्याही धर्मात आणि कोणत्याही गावी बरोबर नेता येते, कारण तिच्यामुळे कोणाला दारात उभे राहावे लागत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनात बदलण्याचा भार येणाऱ्यावर आहे. पण यजमान गावालाही धर्म आहे. याच जिल्ह्यातील शिर्डीत एक फकीर येऊन राहिला, त्याची जात आणि धर्म गावाला निश्चित कळले नाहीत, आणि १५ ऑक्टोबर १९१८ रोजी विजयादशमीला त्याने देह ठेवला तेव्हाही हे कोडे सुटलेले नव्हते. ज्या मशिदीत साईबाबा राहत तिलाच ते द्वारकामाई म्हणत. १८९७ मध्ये तेथे सुरू झालेल्या उरुसाला १९१२ पासून रामनवमीच्या उत्सवाची जोड मिळाली, आणि संदलाची मिरवणूक व रामजन्म एकाच दिवशी होऊ लागले. नवागताला आपल्यासारखे करून घेण्याऐवजी गावाने स्वतःच्या पंचांगात बदल केला, हे उदाहरण या प्रश्नाच्या चर्चेत फारसे घेतले जात नाही, आणि ते घेतले पाहिजे.

आज नगर शहरात शिकावयास येणारे विद्यार्थी, सुपे येथील औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे परप्रांतीय मजूर आणि कारखान्यांच्या गळिताच्या हंगामात बैलगाड्यांसह येणारी ऊसतोड कुटुंबे यांच्यापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. त्यांनी येथील भाषा शिकावी, येथील सणांचा आदर राखावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु खोली भाड्याने देण्याआधी आडनाव विचारणे, घरात काय शिजते याची चौकशी करणे, पिण्याच्या पाण्याला हात लावू न देणे, हे देशाचार या नावाखाली चालत असेल तर त्याला धर्माचा कोणताही आधार उरत नाही, आणि ते सोडण्याची जबाबदारी येणाऱ्याची नसून घराच्या मालकाची आहे.