दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निवाडा नाही



मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु मजुरी किती ठरली होती, काम किती झाले, उचल किती फिटली, यावरच तंटा उभा राहिला तर? मग कोणीतरी मध्यस्थ निवाड्याला बसतो. त्याने कसे ऐकावे, हेही आपल्या दीनने शिकविले आहे.

कुरआनच्या सूरह साद (३८:२१-२६) मध्ये हजरत दाऊद (अलै.) यांचा प्रसंग आला आहे. दोन भांडणारे भिंत ओलांडून त्यांच्यापुढे आले. एकाने तक्रार मांडली की, भावाकडे नव्व्याण्णव मेंढ्या आहेत, माझ्याकडे एकच आहे, तीही तो बोलण्याच्या जोरावर मागतो. दाऊद (अलै.) यांनी तत्काळ म्हटले की, त्याने तुझ्यावर अन्याय केला. लगेच त्यांना जाणवले की ही आपली परीक्षा होती, आणि ते क्षमायाचना करीत नतमस्तक झाले. काही भाष्यकारांच्या मते त्यांची चूक एवढीच होती, की दुसऱ्याचे ऐकण्यापूर्वी त्यांनी निर्णय दिला. येथे तक्रारदार गरीब होता, हे ध्यानात घ्यावे. गरिबाविषयीची कणवसुद्धा सुनावणीची जागा घेऊ शकत नाही. मग धनवंताची भीड कशी घेईल?

हजरत अली (रजि.) यांना यमनमध्ये न्यायदानासाठी पाठविताना प्रेषितांनी (स.) हाच नियम घालून दिला. दोघे पक्षकार समोर बसले की पहिल्याचे जसे ऐकले तसेच दुसऱ्याचे ऐकेपर्यंत निवाडा करू नये. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. न्यायाधीशाने रागाच्या भरात निर्णय देऊ नये, अशीही ताकीद बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आढळते.

पती-पत्नीच्या बेबनावात कुरआनने (४:३५) दोन्हीकडून एकेक मध्यस्थ नेमावयास सांगितले, म्हणजे कोणाचीही बाजू मुकी राहणार नाही. आपल्या महाराष्ट्रात ऊसतोड कामगार आणि साखर कारखाने यांच्या दराचा तंटा अनेक वर्षे अशाच दोघांच्या लवादापुढे जात आला आहे. पूर्वी शरद पवार व गोपीनाथ मुंडे, पुढे शरद पवार व पंकजा मुंडे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती याच मार्गाने. संप लांबून उभे पीक वाळण्यापेक्षा आणि मजुराची चूल विझण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच हिताचा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. या धंद्यात पती-पत्नीच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, हिशेब मुकादम ठेवतो. पहाटे फडात मोळी बांधणाऱ्या त्या भगिनीचे म्हणणे लवादापर्यंत कोण पोहोचवितो? तिच्या वतीने बोलणारे अनेक असतील. पण वतीने बोलणे निराळे आणि तिने स्वतः बोलणे निराळे. निवाडा न्याय्य ठरला तरी जिचे ऐकलेच नाही, तिच्यासाठी सुनावणी अपुरीच राहिली.

सर्वांसमोर ऐकून ठरविणे अशक्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. दुष्काळाने मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे १९९० नंतर, सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात, परत आली. तेथील प्रश्न मजुरीचा नव्हे, पाण्याचा. पण वाटणी तीच अवघड. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत उघडपणे मांडला जातो, आणि त्यावरून पिके ठरतात. हिशेब सर्वांसमोर असला की संशयाला जागा कमी उरते. त्याच गावाने आपल्यातील एकमेव मुस्लिम कुटुंबासाठी मशीद बांधून दिली. घर एकच होते, म्हणून त्याची गरज लहान मानली नाही.

बंधू-भगिनींनो, आपणही कोणाचे तरी मालक आहोत. कोणाच्या शेतात मजूर आहेत, कोणाच्या कारखान्यात कारागीर, कोणाच्या घरी धुणीभांडी करणारी भगिनी. आपल्या जमातीतही तंटे येतात. तेव्हा तीन गोष्टी पाळू या. आरोप काय आहे ते ज्याच्यावर आहे त्याला आधी सांगावे. हिशेबाची वही दोघांनाही दाखवावी. आणि ज्याचे स्वतःचे हित गुंतले आहे, त्याने निवाड्याला बसू नये. बसण्याची जागा, आवाजाचा सूर, दिलेला वेळ, यांतही भेद नसावा. मालकाला खुर्ची आणि मजुराला उंबरठा, असे झाले तर निकाल तोंड उघडण्यापूर्वीच लागलेला असतो.

कामाला लावून मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः प्रतिवादी असू, असे अल्लाहने सांगितल्याचे बुखारींच्या हदीसमध्ये आहे. त्या दरबारात आपलेही म्हणणे ऐकले जावे, अशी आस प्रत्येकाला असणार. मग आज आपल्या दारात उभ्या असलेल्याचे म्हणणे आपण पूर्ण ऐकावे.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर दृढ राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.