सातवीतला होकार

लातूरच्या क्लासेसमध्ये आता उच्च प्राथमिक वर्गांतल्या पोरांसाठीही फाउंडेशन बॅच असते. नाव सातवीचं, डोळा बारावीनंतरच्या आयआयटीवर. अशाच एका बॅचच्या फीवरून भावाबहिणीत झालेलं हे बोलणं. भाऊ एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्याची मुलगी सातवीत. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. माणसं मी रचली आहेत, वाद रचलेला नाही.

भाऊ : ताई, हो की नाही एवढंच सांग. सोमवारी बॅच सुरू होतीय आणि पहिला हप्ता माझ्या एका पगाराएवढा आहे.

ताई : परीक्षेला अजून पाच वर्षं आहेत. एवढी घाई कशाला?

भाऊ : घाई मी करत नाही, आकडे करायला लावतात. 2024 मध्ये जेईई मेनला 14 लाखांवर पोरांनी नाव नोंदवलं. त्यातली वरची अडीच लाख ॲडव्हान्स्डसाठी पात्र. आणि 23 आयआयटी मिळून जागा किती? 17,740. ॲडव्हान्स्ड द्यायची दोनदाच, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. दुसऱ्यांची पोरं सातवीत लागणार आणि माझी अकरावीत जागी होणार?

ताई : सगळी सातवीत लागली तर जागा वाढणार आहेत का? तेवढ्याच राहणार. मग कुणीतरी पाचवीत बॅच काढेल.

भाऊ : काढेल. पण मी एकटा थांबलो म्हणून बाकीचे थांबत नाहीत, माझीच पोरगी मागं राहते. हे तुझ्या गणितात बसवून दाखव.

ताई : नाही बसत. सरकारलाही बसवता आलं नाही. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंगवाल्यांसाठी सूचना काढल्या. सोळा वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच.

भाऊ : सूचनाच त्या. आपल्या रस्त्यावरची एक तरी पाटी उतरली का?

ताई : नाही उतरली. बरं, पोरीला विचारलंस?

भाऊ : बारा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पहिलीत घालताना विचारलं होतं का? तरी विचारलं. हो म्हणाली.

ताई : तुझ्याकडे बघून म्हणाली असेल.

भाऊ : मग नाही म्हणाली असती तर तेही आईकडे बघून. त्या वयात आपलं असं कोण काय म्हणतं? आणि एक सांग. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे. सहावीत पोरं घ्यायची आणि बारावीनंतरच्या एनडीएसाठी तयार करायची, त्यासाठीच ती काढली. त्या आईबापांना कुणी म्हणतं का, लेकराचं बालपण हिरावलं?

ताई थोडी गप्प झाली. उदाहरण चपखल होतं आणि ते आपल्या विरुद्ध जातं हे तिला कळलं.

ताई : सैनिक शाळेतल्या सगळ्यांची निवड एनडीएत होत नाही. ज्याची होत नाही त्याच्याजवळ काय उरतं? कमावलेलं शरीर, मैदान, वसतिगृहातली दोस्ती, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय. तो इंजिनिअर होवो नाहीतर शेती करो, ते कुठं जात नाही. तुझी बॅच पोरीजवळ काय ठेवणार?

भाऊ : गणित ठेवील की.

ताई : कुठलं गणित? शेजारच्या पोराची शीट मी पाहिली आहे. आठवीतला पोरगा लॉगॅरिदमची उदाहरणं सोडवतो. लॉग म्हणजे काय विचारलं, तर म्हणतो, आजी, ते पुढं येतं. परवा तुझी पोरगी आली होती. तिला चिंचोके दिले आणि सांगितलं, एक ठेव, त्याला कोन करून तीन लाव, मग पाच, मग सात. दर वेळी चौकोन पूर्ण होतो. सोळा झाले तशी तीच म्हणाली, पुढं नऊ लावले की पंचवीस. विषम संख्या एकापासून ओळीनं मिळवत गेलं की वर्गच का येतो, हे तिनं हातानं पाहिलं. उद्या जेईई रद्द झाली तरी हे फुकट जात नाही.

भाऊ : आणि रद्द नाही झाली तर? तिथं चिंचोके नेता येतात का? तीन तासांचा एक पेपर, एका दिवसात असे दोन.

इथे मी मधे बोलतो. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाचा 1980 सालचा एक निबंध आहे. मूल मोठं झाल्यावर ज्या वाटा त्यानं स्वतः निवडायच्या, त्या आईबापांनी आधीच बुजवू नयेत, हा मुलाचा हक्क आहे, असं त्यात मांडलं आहे. त्यातलं एक उदाहरण आमिश पंथातल्या पालकांचं, ज्यांना मुलांना आठवीपुढे शाळेतच पाठवायचं नव्हतं. मांडणी मला पटते, पण लातुरात आणली की ती दुधारी होते. डॉक्टरच्या मुलाला बॅच लावली नाही तर त्याच्या वाटा मोकळ्याच राहतात, कारण त्या घरानं आधीच करून ठेवलेल्या असतात. मेकॅनिकच्या मुलीला बॅच लावली नाही तर कदाचित एक वाट बुजते, आणि लावली तर दुसऱ्या चार. भाऊ फाइनबर्ग न वाचता इथवर पोचला होता. ताईचं म्हणणं मला जास्त पटतं. पण पेन्शन सुरू असलेल्या माणसाला ते म्हणणं सोपं जातं, हेही खरं.

ताई : दर रविवारी तिला माझ्याकडे पाठव. दहावीपर्यंत मी शिकवते. अकरावीत लाव कुठं लावायचं ते.

भाऊ : आणि दोन मार्कांनी राहिली तर?

ताई : तर राहिली. ते मी थांबवू शकत नाही, बॅचवालाही नाही.

भाऊ : त्याला बोल तरी लावता येतो. पैसे भरले, करायचं ते सगळं केलं, असं म्हणता येतं. तुझ्याकडे पाठवून राहिली, तर ती पंचविशीत मला विचारेल, बाबा, तेव्हा का नाही घातलंत? मी काय सांगू? आत्याकडे चिंचोके होते?

ताई : म्हणजे फी तिच्या शिकण्याची नाही. तुला पुढं तोंड दाखवता यावं म्हणून आहे.

भाऊ : थोडी तीही आहे. तुला लेकरू असतं तर तूही भरली असतीस.

ताई : कदाचित भरली असती. पण दिवसाचे चार तास तिचे जाणार, तुझे नाही.

भाऊ : शनिवारचं तर अजून सांगितलंच नाही तुला. बॅचची टेस्ट शनिवारी चारला. तिची खो-खोची प्रॅक्टिसही तेव्हाच. जिल्ह्याच्या संघात नाव येईल म्हणतात.

ताई : हे ती बोलली का तुझ्याशी?

भाऊ : माझ्याशी नाही. आईशी बोलली.

ताई : मग पैसे भरायच्या आधी त्या सरांना विचार, टेस्ट रविवारी चालेल का.

भाऊ : नाही म्हणतील.

ताई : म्हणू देत. पोरीला बरोबर घेऊन जा, तिच्यासमोर विचार.