काटा इंधन मोजत नाही

मायामीहून बहामाच्या बिमिनी बेटाला छोट्या मोटरबोटीने जाणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अंतर एका बाजूने सुमारे ५० मैल, आणि वाटेत उत्तरेकडे वाहणारा गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह. या वाटेवर माणसाची भिस्त असते डॅशबोर्डवरच्या इंधनाच्या काट्यावर, आणि तो काटा इंधन मोजतच नाही. एवढी एकच गोष्ट नीट उलगडून पाहायला हवी. कारण काटा बिघडला म्हणून नवा बसवणारे अनेक असतात, आणि नवाही तसाच फसवतो.

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, तो एका दांडीच्या टोकाला. इंधन उतरलं की फ्लोट उतरतो, दांडी फिरते आणि तिच्या मुळाशी असलेल्या सेंडरचा विद्युतरोध बदलतो. काट्यापर्यंत पोचतो तो हा रोध. म्हणजे काट्याला कळते ती टाकीतल्या एका जागेवरची इंधनाची पातळी. आत गॅलन किती, हे त्याला कळण्याची सोयच नसते.

टाकी सरळ चौकोनी असेल तर पातळी आणि साठा हातात हात घालून उतरतात. पण बोटीची टाकी बहुधा डेकखाली, बोटीच्या पोटात असते, आणि वेगवान बोटीचा तळ असतो व्ही आकाराचा. त्या जागेत मावायचं तर टाकीही खाली निमुळती होते. टोकाचं उदाहरण घेऊ: ६० गॅलनची, पूर्ण त्रिकोणी काटछेदाची टाकी. तिच्यातली पातळी निम्म्यावर आली की साठा निम्मा उरत नाही, पाव उरतो. काटा 'अर्धी' म्हणतो तेव्हा आत १५ गॅलन असतात.

आता या टाकीनिशी बिमिनीला जाऊ. बोट गॅलनला दोन मैल जाते असं धरलं तर पोचेपर्यंत २५ गॅलन संपतात, ३५ उरतात. काटा पाऊण टाकीच्याही किंचित वर असतो. पाहणाऱ्याला वाटतं, जाताना पावाहून कमी लागलं, येताना तेवढंच लागेल. इथे कशाला भरायचं? परतताना वारा उत्तरेचा झाला, तर तो प्रवाहाच्या विरुद्ध पडतो आणि लाटा उभ्या, आखूड, आपटणाऱ्या होतात. बोटीला वेग धरता येत नाही, ती पाण्यातून रेटत जाते. समजा गॅलनला सव्वा मैलच मिळू लागला: ३५ गॅलनमध्ये होतात जेमतेम ४४ मैल. किनारा सहा मैलांवर दिसत असताना इंजिन बंद पडतं आणि बोट प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहू लागते. या सगळ्यात काट्याने पातळी अगदी बरोबर दाखवलेली असते.

पातळीसुद्धा नेहमी खरी नसते. बोट वेगात असताना तोंड उचलतं आणि इंधन मागे धावतं. सेंडर टाकीत कुठे बसवलाय त्यावर काटा चढतो किंवा उतरतो. म्हणून वाचन घ्यायचं ते बोट थांबवून, ती सपाट झाल्यावर.

विजेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथली चूक जिवावर बेतू शकते. अमेरिकी पद्धतीच्या सेंडरचा रोध रिकाम्या टाकीला २४० ओहम, भरलेल्या टाकीला ३३. युरोपीय पद्धतीत उलट: रिकामी १०, भरलेली १८०. खाऱ्या हवेने जोडाला गंज चढला की रोध वाढतो. अमेरिकी काटा त्यामुळे आहे त्याहून कमी दाखवतो, माणूस लवकर पंपावर जातो. तोच गंज युरोपीय काट्याला आहे त्याहून जास्त दाखवायला लावतो. वायर तुटली तर पहिला 'रिकामी' म्हणतो, दुसरा 'भरलेली'. आपल्या बोटीवर यांतली कोणती जात आहे, हे प्रत्येक बोटवाल्याला ठाऊक असलंच पाहिजे.

तपासणी अवघड नाही. डेकवरचं छोटं झाकण काढलं की टाकीच्या माथ्यावर सेंडरची गोल चकती दिसते, बहुतेक वेळा पाच स्क्रूंनी आवळलेली. अमेरिकी बोटीत तिच्यावर येणारी गुलाबी वायर काट्याची, काळी अर्थची. पेट्रोलची वाफ आसपास असते, म्हणून वायरीला हात लावण्याआधी जागा मोकळ्या हवेने धुऊन काढायची आणि चावी बंद करायची. गुलाबी वायर सोडवून चावी चालू केली तर काटा रिकामीवर जायला हवा; चावी बंद करून तीच वायर अर्थला जोडली आणि पुन्हा चालू केली तर भरलेलीवर. दोन्ही झालं तर काटा आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये.

इतकं करूनही टाकीचा आकार राहतोच. त्याला उपाय एक: टाकी जवळजवळ रिकामी असताना धक्क्यावर उभं राहून पाच-पाच गॅलन भरायचे, दर वेळी काटा कुठे आला ते कार्डावर लिहायचं आणि ते कार्ड डॅशबोर्डला चिकटवायचं. तळाचे काही गॅलन वजा धरायचे, कारण इंजिनाकडे जाणारी नळी तळाला टेकत नाही. आणि जुना तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळायचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. साठ गॅलनच्या बोटीला त्या हिशेबाने ४० मैलांपर्यंतच जाता येतं, म्हणजे बिमिनीला टाकी भरल्याशिवाय परतायचं नाही.

फ्लो मीटर हा वेगळा साक्षीदार. तो नळीतून इंजिनाकडे गेलेलं इंधन मोजतो, टाकीत काय आहे ते त्याला दिसत नाही. डिझेल इंजिनात बरंच इंधन टाकीत परत येतं, तिथे जाणारं आणि येणारं दोन्ही मोजावं लागतं. पंपावर भरलेल्या गॅलनशी दोन-तीनदा ताडून मीटर जुळवला की तो काट्यापेक्षा कितीतरी भरवशाचा ठरतो. तरी काटा काढून टाकू नये. मीटर म्हणतो दहा गॅलन जळले आणि कार्ड लावून वाचलेला काटा म्हणतो वीस गेले, तर मधले दहा कदाचित बोटीच्या तळात सांडलेले आहेत. अशा वेळी चावीला हात लावायचा नाही. आधी तळाचं झाकण उघडून वास घ्यायचा.