भूमि आणि ओढ

आषाढांत भंडारा जिल्ह्यांत रोवणीची घाई सुरू झाली म्हणजे अनुभवी शेतकरी बांधींत पाय घालून सांगतो, चिखल रोवणीस योग्य झाला कीं नाहीं. चिखल फार पातळ असेल तर रोप कलतें. फार घट्ट असेल तर तें बोटांना जुमानीत नाहीं. हें ज्ञान त्याच्या तळपायांत असतें. परंतु मिलिमीटरच्या कांहीं शतांशांत मावणाऱ्या जिवंत पेशीभोंवतालची भूमि मऊ कीं कठिण, हें कोणीं आणि कोणत्या पायानें पाहावें?

शास्त्रज्ञांनीं हें काम दृष्टीकडे सोंपविलें आहे. इ. स. १८२७ मध्यें रॉबर्ट ब्राउन यांनीं परागांतून निघालेल्या कणांची पाण्यांतील अविरत थरथर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. तीच थरथर आज मापाचें साधन झाली आहे. पेशीभोंवतीं पेरलेला बारीक मणी जितका मोकळेपणीं थरथरेल, तितकी त्याच्या भोंवतालची वस्तु मऊ. दुसरी रीत १९८० सालीं हॅरिस व त्यांचे सहकारी यांनीं दाखविली. सिलिकोन रबराच्या अतिपातळ पापुद्र्यावर पेशी सरपटूं लागली, तों त्याला सुरकुत्या पडल्या! पेशी आपल्या भूमीस ओढीत होती. पुढें मऊ जेलमध्यें चमकणारे मणी पेरून, ते किती सरकले यावरून त्या ओढीचें गणित मांडण्यांत येऊं लागलें.

येथवर ही मापनविद्या झाली. विचाराचा प्रश्न उभा केला तो २००६ सालच्या एका प्रयोगानें. अमेरिकेंत एंग्लर, सेन, स्वीनी व डिशर यांनीं (यांपैकीं शमिक सेन पुढें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक झाले) अस्थिमज्जेंतील मूलपेशी निरनिराळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढविल्या. पोषक द्रव सर्वत्र एकच होता. १ किलोपास्कलच्या आंतील, मेंदूसारख्या मऊ भूमीवर त्या चेतापेशींचें वळण घेऊं लागल्या. ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूंचें. आणि २५ ते ४० वर अस्थींचें.

तर मग आपल्या घरोघर चालणाऱ्या वादाचा निकाल लागला काय? कोणी म्हणतो, मूल उपजत गुणांनीं घडतें. कोणी म्हणतो, संगतीनें. वरवर पाहतां जय संगतीचा दिसतो. आणि तो खरा मानला तर माणसास दोष देण्याची सोयच उरत नाहीं. परंतु त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. औषधानें पेशीची आकुंचनशक्ति बंद केली, तेव्हां भूमीचा मऊपणा अगर ताठरपणा तिला वळण देईनासा झाला. म्हणजे भूमि आपण होऊन कांहीं शिकवीत नाहीं. जो ओढून पाहतो त्यालाच ती उत्तर देते. उपजत कीं संगत, हा प्रश्नच मुळांत चुकीचा मांडला होता. पेशीला हेतु नसतो, माणसाला असतो; तेव्हां हा पुरावा नव्हे, केवळ दृष्टान्त होय, हें मी विसरत नाहीं. तथापि दृष्टान्तानेंही आपली चूक आपणांस दिसूं शकते.

माझी मला दिसली. शेवटच्या बांकावरील एक विद्यार्थी रोवणीच्या दिवसांत गैरहजर राही आणि वर्गांत विचारिलें असतां गप्प बसे. ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ असा शेरा मीं मारिला. पुढें त्यानें कॉलेज सोडलें. त्यानंतरच्या चांचणींत त्याच बांकावरचे तिघे एकदम घसरले. चौकशी करितां कळलें कीं, मीं शिकविलेलें पदार्थविज्ञान तो त्यांना संध्याकाळीं आपल्या बोलींत पुन्हां समजावून देत असे.

जेलवरील मापनांतही असाच एक प्रकार आहे. पेशीनें भूमीस किती ओढलें हें कळण्यासाठीं मणी मूळचे कोठें होते तें ठाऊक असावें लागतें. म्हणून बहुधा शेवटीं पेशी जागेवरून सोडवितात आणि मोकळ्या झालेल्या भूमीचें चित्र घेतात. दोहोंतील फरकावरून गेलेल्या पेशीचें बळ समजतें. प्रयोगशाळेंत ही रीत योग्यच आहे. परंतु माणसाचें मोल तो उठून गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेवरून काढावें लागणें, ही शिक्षकाची, आणि आईबापांचीही, हार होय.

आपण दुसऱ्यास घडवितों असें आपण मोठ्या अभिमानानें म्हणतों. वास्तविक आपण त्याची भूमि असतों. ओढणें त्याचें, उत्तर देणें आपलें. त्या मुलाची ओढ कळण्यासाठीं त्यानें जाण्याची गरज नव्हती. त्याच्यामुळें ज्यांना समजूं लागलें होतें, त्या तिघांचे चेहरे रोज माझ्यासमोर होते. मणी सरकत होते. मीं ते पाहिले नाहींत.

यंदाही आषाढ आला आहे आणि हजेरीपटांतील कांहीं रकाने रिकामे आहेत. शेरा लिहिण्यापूर्वीं शेजारच्या बांकांकडे पाहावयाचें, एवढें मीं ठरविलें आहे.