मागे थांबायची मुभा

५ जून २०१९ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात महेंद्रसिंह धोनीच्या यष्टिरक्षणाच्या मोज्यांवर एक खूण दिसली. खाली टोक असलेला खंजीर आणि दोन बाजूंना पसरलेले पंख. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं ती काढायला लावली, त्यावरून वाद पेटला आणि पॅरा स्पेशल फोर्सेस असं काही सैन्यात असतं, हे कितीतरी लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आता ती खूण मोटारसायकलींवर स्टिकर होऊन फिरते. स्टिकर पाच-पन्नास रुपयांत मिळतं. खरी खूण छातीवर लावायची तर आधी स्वतःहून नाव द्यावं लागतं, मग काही महिन्यांची परीक्षा. पाठीवर ओझं, झोपेचा पत्ता नाही, मैलोन्‌मैल चाल, आणि आलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या जुन्या पलटणीत परत. या परीक्षेत अधिकाऱ्याला जवानापेक्षा वेगळा रस्ता नाही. उद्या ज्यांना घेऊन जायचं, त्यांच्याच रांगेत आज त्यानं धापा टाकायच्या असतात.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे संतोष महाडिक या रांगेतून गेले होते. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले. देशातली ही पहिली सैनिक शाळा, १९६१ सालची. शाळेत ते फुटबॉलचे गोलकीपर. (सगळ्यांच्या मागे उभा राहणारा खेळाडू तो! पुढचं आयुष्य मात्र नेमकं उलटं गेलं.) १९९८ मध्ये ते २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाले. ही पलटण मूळची २१ मराठा लाइट इन्फंट्री. दोनच वर्षांपूर्वी, १९९६ मध्ये, ती स्पेशल फोर्सेसमध्ये बदलली होती. ईशान्य भारतात ‘ऑपरेशन ऱ्हायनो’मध्ये केलेल्या कामगिरीसाठी २००३ मध्ये त्यांना सेना पदक मिळालं. आसामच्या त्या दिवसांविषयी याहून फार काही बाहेर आलेलं नाही, आणि ते स्वाभाविक आहे. या माणसांचं काम चांगलं झालं, तर त्याची बातमी होत नाही.

पुढे कर्नल होऊन ते काश्मीरमध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर झाले. ही तुकडीही मराठा रेजिमेंटशी जोडलेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात, नियंत्रण रेषेजवळच्या मनिगाहच्या जंगलात अतिरेकी शिरल्याची खबर होती आणि दिवसच्या दिवस शोध चालू होता. अशा दाट जंगलात शोधणाऱ्यापेक्षा लपलेल्याचं पारडं जड असतं. तो स्थिर असतो, त्याला आधी दिसतं. १७ नोव्हेंबरला झालेल्या चकमकीत महाडिक आघाडीवर होते. गोळ्या लागल्या, रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत. वय अडतीस. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं.

शेकडो जवानांच्या तुकडीचा प्रमुख मागे थांबला असता, तर कुणी नावं ठेवली नसती. नकाशा बघणं, वायरलेसवरून तुकड्या हलवणं, कोण कुठे हे ध्यानात ठेवणं हेच त्याचं काम आहे, असं सैन्यातलाही कुणी सांगेल आणि ते खोटंही नाही. मागे थांबायची मुभा त्यांना पदानंच दिली होती. ती त्यांनी वापरली नाही, आणि माझ्या दृष्टीनं हा त्या एका दिवसाचा आवेश नव्हता. ज्यानं पंधरा-सतरा वर्षं जवानांच्या रांगेतच चालायची सवय लावून घेतली, त्याला खांद्यावरचे तारे वाढले म्हणून पाय एकाएकी मागे घेता येत नसणार. आपण मात्र अशा माणसाची आठवण काढतो ती शेवटच्या दिवसाची. फ्लेक्सवर तारीख असते, फुलं असतात, घोषणा असतात. आधीच्या हजारो सकाळींना फ्लेक्सवर जागा नसते.

त्या सकाळी कशा असतात, याची थोडी कल्पना पिंगळीत येते. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं आमचं हे लहानसं स्टेशन. पावसाळ्यात इथली काळी माती पाय धरून ठेवते, वावरातून पळायची सोयच नाही, म्हणून भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात. सोळाशे मीटर, मग पुलअप्स, मग पुन्हा सोळाशे मीटर. कुणाला पोलिसात जायचं असतं, कुणाला अग्निवीर व्हायचं असतं. जिथे ग्राउंड आधी निघेल तिथे. त्यांच्या बोलण्यात देश फारसा येत नाही. पगार, वयाची अट, अकॅडमीची फी, सोयाबीनचा पडलेला भाव हेच विषय. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत. चार एकर कोरडवाहूत दोन भाऊ असले, तर एकानं वर्दीची वाट धरणं हा शहाणपणाच आहे, आणि पोटासाठी गेलेला माणूस पुढे कमी लढतो असा काही नियम नाही. मराठा पलटणींचा इतिहास बहुतांश शेतकऱ्यांच्याच पोरांनी लिहिलेला आहे.

या पोरांत एक गोष्ट बघण्यासारखी असते. ज्याचं टायमिंग सगळ्यात चांगलं, तो कधी पुढे निघून जातो आणि मोबाइलमध्ये वेळ बघत उभा राहतो. एखादा मात्र वळून मागे येतो आणि शेवटी लटपटत येणाऱ्याच्या बाजूनं पुन्हा ते अंतर पळतो. भरतीत त्याला याचे गुण मिळत नाहीत. मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. पण उद्या यांच्यातला कुणी अधिकारी झाला, तर तो या दुसऱ्या जातीचा असावा, असं मनात येतं.

पोगरवाडीत महाडिकांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी आपणही सैन्यात जाणार असल्याचं सांगितलं. अशा वेळी माणूस बरंच काही बोलतो, आणि ऐकणारे मान हलवून सोडून देतात. त्यांना पेन्शन होती, मान होता, दोन लहान मुलं होती. त्यांच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. वयही अटीबाहेर गेलेलं. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी लक्ष घातल्यावर वयाची अट तेवढी शिथिल झाली. निवड मंडळासमोरची परीक्षा त्यांनी इतरांसारखीच दिली. मुलांना वसतिगृहात ठेवून त्या चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत गेल्या आणि वयानं कितीतरी लहान मुलींच्या रांगेत पहाटे पळू लागल्या. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांना मिळाली ती आर्मी ऑर्डनन्स कोअर. जवानाच्या पायातल्या बुटापासून त्याच्या रायफलीतल्या गोळीपर्यंत सगळं ज्यांच्या कोठारातून जातं, तो विभाग.